काटा डाव्या हातात

आमच्या घरात जेवताना डावा हात मांडीवर निपचित पडून असायचा. तो ताटाकडे जरासा सरकला की आईचं लक्ष जायचंच. ती बोलायची नाही, नुसती बघायची, आणि हात आपोआप मागे यायचा. उकड्या तांदळाचा भात, त्यावर माशाचं हुमण, कडेला तळलेला बांगडा, नाहीतर नुसतीच सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, किसमूर, आणि उजव्या हाताची पाच बोटं, एवढ्यात आमचं जेवण पुरं व्हायचं. माशाचा काटा जिभेला लागला की तो बोटांनी काढून ताटाच्या कडेला ठेवायचा. गोव्यात लाटंबार्शातल्या आमच्या घरात काटा या शब्दाला तेवढाच अर्थ होता. दुसरा, जेवायचा काटा, मी म्हापशाला कॉलेजात जाताना एका हॉटेलाच्या काचेतून पाहिला होता, आणि तो डाव्या हातात धरतात हे कळल्यावर मला उगाचच लाजल्यासारखं झालं होतं. आज माझी नात शेवया काट्यावर गुंडाळत गुंडाळत अभ्यास करते. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं, मी थट्टा करते आहे.

घरात आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि आप्पा. आप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांचं लग्न झालं नव्हतं. पोर्तुगीजांच्या काळात ते पेडण्याला एका मोठ्या साहेबाकडे कारकून होते, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. कारकुनाचं अक्षर कसं असतं ते मी शाळेत पाहिलं होतं, पण आप्पांना लिहिताना कधी पाहिलं नाही. गावात कुणाचं पत्र आलं तर ते बाबांकडे यायचं, आप्पांकडे नाही. हे मला कधी खटकलं नाही, कारण घरातल्या माणसांकडे आपण असं निरखून बघतच नाही. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की आप्पा घरापुढच्या खळ्यात जाऊन पाव घेत आणि प्रत्येक पाव उलटा करून बुडाला जळलाय का ते बघत. दहा-साडेदहाला पेज. त्यानंतर ते आणि बाबा काजूच्या बागेत जात. आई मागे चुलीपाशी, आणि लांब डिचोलीच्या रस्त्यावरून लोखंडाच्या मातीने भरलेल्या खाणीच्या ट्रकांची घरघर दिवसभर येत राही. चैत्रात तर त्या आवाजात काजूच्या बोंडूंचा वास मिसळलेला असायचा. दोन्ही एकाच वस्तूचे असावेत असं मला वाटायचं.

पदवी झाल्यावर मला वास्कोला जहाजांची कामं बघणाऱ्या एका कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. तात्पुरती. आईच्या मावसबहिणीकडे राहायचे आणि शनिवारी दुपारी सुटले की तीन गाड्या बदलून घरी यायचे. कचेरीतून बंदर दिसायचं, खिडकीच्या पट्टीवर रोज लाल धूळ साचायची. आमचे मॅनेजर दिवाणसाहेब पुण्याकडचे. कमी बोलणारे, पांढरे केस, नेहमी इस्त्रीचा शर्ट. त्यांची सेक्रेटरी लग्न होऊन मुंबईला निघाली होती आणि ती जागा पक्की होती. एक दिवस त्यांनी मला बोलावलं.

"मिस परब, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. कामही स्वच्छ आहे. हा आणि पुढचा शनिवार सोडून त्याच्या पुढच्या शनिवारी आमच्या बंगल्यावर जेवण आहे. जहाजाचे कप्तान आणि जपानी खरेदीदार येतील. तुम्हीही या. माझ्या सेक्रेटरीला अशा जेवणांना बसावं लागतं, तेव्हा..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. त्या 'तेव्हा'ने माझी झोप उडवली. त्याच दुपारी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला मागे कधीतरी घडलेली गोष्ट सांगितली. अशाच एका जेवणाला बसलेल्या मुलीने कोंबडीच्या तंगडीला सुरी लावली आणि तंगडी उडून पाहुण्याच्या मांडीवर गेली. तिला कुणी काही बोललं नाही. कुणी हसलंही नाही. पण ती जागा तिला मिळाली नाही. "हसले असते तर बरं होतं गं," त्या म्हणाल्या. त्यानंतर मी जिथे जेवायला बसे तिथे मला ती तंगडी दिसायची. रात्री पडल्या पडल्या मी डावा हात उचलून तोंडापर्यंत न्यायची आणि तो किती परका वाटतो ते अनुभवायची.

त्या शनिवारी घरी आले तेव्हा आई आदोळीवर नारळ खोवत होती. मी तिच्यापाशी बसून सगळं सांगितलं. जागा पक्की आहे म्हणून सांगितलं, आणि मला जमणार नाही, मी जाणार नाही म्हणूनही सांगितलं. आईने नारळाची कवड उलटी करून आत काही उरलंय का बघितलं. मग म्हणाली, "आप्पांक विचार."

"आप्पांक? कित्या?"

"तेंका सगळा येता."

मला वाटलं, ती माझं मन रमवायला बोलते आहे. पण तिने आवाज खाली आणला. पेडण्याला आप्पा कारकून नव्हते. ते साहेबाच्या मेजावर वाढायला होते. साहेब, त्याची बाई, आलेगेलेले पाहुणे, सगळ्यांचं ताट ते मांडायचे आणि उचलायचे. त्या ताटांत काय काय असायचं ते तिने सांगितलं नाही, नुसता पदर तोंडाशी नेला. आजोबांना कळलं तेव्हा त्यांनी आप्पांना वर्षभर चुलीजवळ येऊ दिलं नव्हतं. आप्पा सुट्टीत घरी आले की त्यांना बाहेर पडवीत ताट जायचं. दोन ठिकाणी लग्न ठरत आलेलं मोडलं. मग गोवा मुक्त झाला, साहेब गेला, आप्पा परत आले, आणि घराने ठरवून टाकलं की पेडण्याला ते लिहायचं काम करत होते. "तुज्या बाबांक कळता कामा नये मी सांगलंय म्हणान," आई म्हणाली आणि पुन्हा खोवायला लागली.

आप्पांना विचारायला मला संध्याकाळ लागली. ते खळ्यात बसून बांबूच्या काडीने दात कोरत होते. मी अडखळत विचारलं. त्यांनी काडी मोडून बाजूला टाकली. मला वाटलं, आता उठून जातील.

"कोणी सांगला?" ते म्हणाले.

मी पायाने खळ्यातली माती सारखी केली.

"मेज किती माणसांचा?"

"दहा असतील."

"सूप आसा?"

"माका काय म्हायत, आप्पा."

"आसतला," ते म्हणाले. त्या एका शब्दात त्यांचा आवाज बदलला. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ज्याला आपलं काम येतं अशा माणसाचा आवाज होता तो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाबा पेजेनंतर बागेत गेले आणि आप्पा अंगात कसर आहे म्हणून मागे राहिले. सकाळीच त्यांनी कोयत्याने बांबू तासून तीन काटे आणि दोन सुऱ्या केल्या होत्या. चमचे घरात होते. आप्पा काट्याला गार्फ म्हणत आणि चमच्याला कुलेर. एका खुर्चीपुढे त्यांनी आईची धान्य निवडायची बाकडी आणली, वर धुतलेलं धोतर पसरलं, मध्ये चिनी मातीची एकुलती एक बशी ठेवली आणि दोन्ही बाजूंना ती हत्यारं मांडायला लागले. मी बघत राहिले. बशीच्या कडेपासून आपल्या अंगठ्याच्या पेराएवढं अंतर ते मोजत होते. सुरीची धार बशीकडे वळवली. मग मागे सरून, मान तिरकी करून, सगळं सरळ रेषेत आहे की नाही ते बघितलं आणि म्हणाले, "बस."

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती बाहेरून आत यायची. जे सगळ्यात लांब ठेवलंय ते आधी. पाव सुरीने कापायचा नाही, हाताने मोडायचा, तोही घासाएवढा. सूप घेताना चमचा आपल्यापासून पलीकडे न्यायचा आणि ओठांचा आवाज करायचा नाही. जेवताना थांबलीस तर काटा आणि सुरी बशीवर अलग ठेव. जेवण झालं की दोन्ही एकमेकांना लागून, शेजारी शेजारी.

"आणि विसरलंय तर?"

"इसरलंस तर मागचो माणूस ताट उचलूचो नाय. वाट बघीत ऱ्हवतलो. ह्या सगळा तेच्यासाठीच आसा, चेडवा. जेवणारो बोलणा नाय. सुरी आणि गार्फ बोलतत. मागे उभो आसा तेका कळाक व्हया."

हे मी त्यानंतर कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही. शिष्टाचाराची पुस्तकं पुढे नोकरीत हाताखालून पुष्कळ गेली, त्यांत सगळ्या गोष्टी होत्या, पण त्या कुणासाठी आहेत हे एकानेही लिहिलेलं नव्हतं.

आईने बांगडा तळून आणला. डाव्या हातातल्या बांबूच्या काट्याने तो दाबून धरायचा आणि उजव्या हातातल्या सुरीने पाठीच्या कण्यावरून मांस हलकेच बाजूला करायचं. माझा पहिला बांगडा बाकडीखाली गेला. दुसऱ्याचा चुरा झाला. काटा तोंडाशी आणताना माझी नजर आपसूक आईकडे जायची. ती चुलीपाशी पाठ करून बसली होती. मुद्दाम. शेवटी मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "आप्पा, तुमी खाऊन दाखवा ना एकदा."

ते माझ्या खुर्चीच्या मागे उभे होते. तासभर ते तिथेच उभे होते, एक पाऊल डावीकडे. त्यांनी हात मागे बांधले होते.

"माका येणा नाय," ते म्हणाले. "मी कदी खावंक नाय. फक्त बघलंय."

पुढचा रविवारही असाच गेला, फक्त शेवटी बाबा आले. बागेतून काहीतरी विसरलेलं न्यायला आले असावेत. त्यांना दारात उभं पाहून मी काटा खाली टाकला. बाबांनी बाकडीवरचं धोतर बघितलं, बांबूचे काटे बघितले, मग आप्पांकडे बघितलं. "दादा, ते दिवस परत घरात आणू नकोस," ते म्हणाले. "हिचा लगीन व्हवचा आसा अजून." आप्पा पुढे आले, बशी उचलली, दोन्ही बाजूंची हत्यारं एका हातात गोळा केली आणि मागच्या दाराने विहिरीकडे गेले. एकाही काट्याचा आवाज झाला नाही. बाबा मला म्हणाले, "डाव्या हातान जेवतलंस तू?" आणि तेही निघून गेले. त्या दुपारी ट्रकांची घरघर तेवढी चालू होती.

जेवणाच्या दिवशी मी मावशीची निळी साडी नेसले होते. दिवाणसाहेबांचा बंगला टेकडीवर होता, खाली दिव्यांनी उजळलेली जहाजं. साडेसातला आम्ही बसलो. माझ्या समोर एक वयस्क जपानी गृहस्थ होते, शेजारी कप्तान, टोकाला दिवाणबाई. मी खाली बघितलं. बशीच्या डावीकडे तीन, उजवीकडे चार, वर आडवे दोन. बांबूची नव्हती, चांदीसारखी लखलखणारी होती, आणि मला त्यांत माझं नाक दिसत होतं. वाटलं, उठून पळावं. मग सूप आलं. बाहेरून आत. पलीकडे चमचा. आवाज नाही. दहा घोट मोजले आणि थांबले. समोरचे जपानी गृहस्थ माझ्या हातांकडे बघत होते. मी चमचा ठेवला की ते ठेवत, मी पाव मोडला की ते मोडत. त्यांच्या कपाळावर घाम होता. या टेबलावर घाबरलेलं आणखी कुणीतरी आहे हे कळून मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट भीती दुप्पट झाली. आता माझी चूक दोघांची झाली असती.

मासा आला. मी त्याला डावीकडून धरलं, कण्यावरून सुरी फिरवली, आणि मांस सरळ सुटलं. त्या क्षणी मला मागे कुणीतरी असल्याची जाणीव झाली. पांढऱ्या कोटातले, पन्नाशीला आलेले एक वाढपी माझ्या डाव्या खांद्यामागे उभे होते. मी काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवली. लगेच एक हात आला आणि बशी उचलून गेला. आवाज नाही. माझे डोळे भरून आले. मान वळवून त्यांच्याकडे बघावंसं वाटलं, पण तसं बघायचं नसतं हे मला आप्पांनीच शिकवलं होतं.

यानंतर दहा मिनिटांत मी जे केलं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. दिवाणबाई टेबलाच्या टोकावरून म्हणाल्या, "किती सफाईने सोडवलास गं मासा! आमच्याकडे आलेल्या एकाही मुलीला हे जमलं नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये होतीस का?"

"नाही."

"मग कुठे शिकलीस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कप्तानही. मी म्हटलं, "माझे काका पोर्तुगीजांच्या वेळी पेडण्याला मोठ्या हुद्द्यावर होते. साहेबांबरोबर जेवायला बसायचे. आमच्या घरात सगळे असंच जेवतात."

'कारकून' एवढंही मला पुरलं नाही. घराने जे खोटं कष्टाने सांभाळलं होतं, त्यावर मी एक मजला चढवला. दिवाणबाईंचा चेहरा खुलला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, आणि दिवाणसाहेब म्हणाले, "पुढच्या रविवारी आम्ही डिचोलीला खाणीवर येणारच आहोत. लाटंबार्सें तिथून लांब नाही. तुमच्या काकांना भेटू. जुन्या दिवसांबद्दल ऐकायला मला आवडतं." त्यानंतर कोंबडी आली, गोड आलं, मी सगळं नीट खाल्लं म्हणतात. मला एकाचीही चव आठवत नाही.

सोमवारी त्यांनी मला सेक्रेटरीच्या टेबलावर बसवलं. नेमणुकीचं पत्र महिन्याने येईल म्हणाले. तो आठवडा मी कसा काढला ते सांगता येणार नाही. शब्द टाइप करताना बोटं मागे-पुढे व्हायची, एकच पत्र चारदा लिहिलं. साहेबांचं येणं रद्द होईल म्हणून मी रोज सकाळी आशेने त्यांच्या तोंडाकडे बघायची. शनिवारी ते म्हणाले, "उद्या अकराला." घरी जाणाऱ्या गाडीत मी तीन वेळा ठरवलं की आप्पांना सांगायचंच नाही, त्यांना कुठेतरी पाठवून द्यायचं. पण खळ्यात ते समोरच उभे होते. जेवणाचं काय झालं, किती माणसं होती, सूप होतं की नाही, हे विचारायला आठवडाभर थांबले होते.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझा मासा सांगितला, वाढप्याचा हात सांगितला आणि मग मी काय बोलले तेही सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं.

"कसलो हुद्दो सांगलंस?" त्यांनी विचारलं.

"कसलो म्हणान सांगूक नाय. मोठो."

"बरा केलंस," ते म्हणाले, आणि आत गेले. मला ते बोलणं रागाचं वाटलं नाही, दुःखाचंही वाटलं नाही. कसलंच वाटलं नाही.

बाबांना मात्र बरं वाटलं. त्यांनी शेजाऱ्याचा काळा कोट आणला, आप्पांना घालायला लावला, काय बोलायचं ते पढवलं. "नुसता हो म्हण. बाकीचा मी बोलतंय." आईने सकाळपासून खोबऱ्याच्या वड्या केल्या, आंबाड्यांचं आंबटगोड करम केलं, पुन्हा झाकून ठेवलं. अकराला गाडी आली. गाडीमागे गावातली पाच-सहा माणसं आली आणि खळ्याच्या कडेला उभी राहिली, आमच्याकडे गाडी येणं हे रोजचं नव्हतं. दिवाणसाहेब आणि बाई सोप्यात खुर्च्यांवर बसले. आप्पा त्यांच्या समोर, खुर्चीच्या अगदी कडेला. कोट त्यांना खांद्यांत मोठा होता. कॉफी झाली. पाऊसपाणी, काजूचं पीक झालं. बाबा भराभरा बोलत होते. मग दिवाणबाई हसून म्हणाल्या, "काका, पेडण्याला कोणत्या हुद्द्यावर होता आपण? साहेब लोकांबरोबर जेवत होता म्हणे."

बाबांनी तोंड उघडलं होतं. त्याआधी आप्पा उठून उभे राहिले. आणि ते आमच्या बोलीत बोलले नाहीत, शाळेतल्या मास्तरांसारखं मराठी बोलले. रात्रभर त्यांनी ते जुळवलं असावं.

"बाईसाहेब, हुद्दा नव्हता. मी मेजावर वाढायला होतो. साहेब जेवायला बसले की मी त्यांच्या पाठीमागे उभा असे."

"दादा!" बाबा म्हणाले.

"घराला त्याची लाज वाटली. म्हणून आम्ही सगळ्यांना दुसरंच सांगितलं. ह्या मुलीलाही तेच सांगितलं. तिला शिकवतानासुद्धा मी खरं सांगितलं नाही. तिने तुम्हाला सांगितलं ते तिच्या समजुतीप्रमाणे खरंच सांगितलं. दोष आमचा आहे. तिचा नाही."

खळ्याच्या कडेची माणसं ऐकत होती. आई आतल्या दारात उभी होती. तिला ठाऊक होतं की मला सगळं ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे. मला एकच वाक्य बोलायचं होतं. जीभ उचलली नाही.

दिवाणसाहेब म्हणाले, "तुम्ही बसा ना." आप्पा बसले नाहीत. मग दिवाणसाहेबही उठून उभे राहिले. निघायची वेळ झाली म्हणून उठले की आणखी कशासाठी, ते मला कळलं नाही, आजही सांगता येत नाही. दोघं थोडा वेळ तसेच समोरासमोर होते. बाईंनी आईला वड्या छान झाल्याचं सांगितलं आणि गाडी गेली. गाडीची धूळ बसायच्या आत बाबांनी आप्पांच्या अंगावरचा कोट काढून घेतला आणि परत करायला गेले. ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत. साखळी गावाच्या बाजूचं एक स्थळ माझ्यासाठी चालू होतं, तिकडून त्यानंतर निरोप आला नाही. कारण हेच होतं की दुसरं, ते कुणी सांगितलं नाही.

सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा माझ्या हातात वही होती आणि वहीवर माझ्या घामाचे ठसे होते. बसायच्या आधीच बोलले.

"सर, काका काल म्हणाले ते सगळं खरं नाही. मला ठाऊक होतं. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून खरंच सांगितलं होतं. तुमच्याकडे खोटं बोलले ती मी."

त्यांनी चष्मा काढला. "का?"

"भीती वाटली."

"कशाची?"

इतक्या वर्षांत मी त्या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं तयार केली, पण त्या दिवशी एकही नव्हतं. ते बंदराकडे बघत राहिले. माझ्या मनात मी टेबलाचा खण रिकामा केला, मावशीकडची बॅग भरली, तीन गाड्या बदलून घरी पोचलेही.

"धक्क्याला जहाज लागलं आहे," ते शेवटी म्हणाले. "त्याचं पत्र आधी घ्या."

एवढंच. पुढचा महिनाभर ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत आणि मी रोज सकाळी आज काढतील, आज काढतील म्हणत कचेरीत जात राहिले. महिन्याने पक्क्या नोकरीचं पत्र आलं. मी त्या टेबलावर पुढे एकवीस वर्षं बसले आणि किती जेवणं जेवले त्याला गणती नाही.

पण मी साहेबांना सांगितल्याचं त्याच शनिवारी आप्पांना सांगितलं, तेव्हा ते चिडले. मी त्यांना चिडलेलं त्या एकदाच पाहिलं. ते बागेत काजूच्या बिया वाळत घालत होते. हातातलं बांबूचं सूप त्यांनी खाली आपटलं.

"तुका सांगूक कोणी सांगला? माजो शब्द फुकट घालवलंस! जल्मात एकदाच खोटा बोललंय, ताय तुज्यासाठी, आणि तू जाऊन..." त्यांना पुढे बोलवेना. ते पाठ करून चालायला लागले, मग थांबले. न वळता म्हणाले, "सायब काय म्हणालो?"

"काय नाय. पत्र घे म्हणालो."

"बरो सायब," ते म्हणाले आणि परत येऊन सांडलेल्या बिया वेचायला बसले. मीही बसले.

त्यानंतर कुणी आप्पांना विचारलं तर ते सांगत, पेडण्याला मी मेजार वाढी. पुढे पुढे न विचारताही सांगू लागले. सोप्यावर कुणी आलं, सुपारी झाली, की गोष्ट सुरू व्हायची. गावाने दोन महिने कुजबुज केली आणि मग गावाला तिची सवय झाली. बाबांना मात्र झाली नाही. गोष्ट सुरू झाली की ते उठून आत जायचे. वर्षानुवर्षं उठत राहिले. आप्पांच्या शेवटच्या वर्षी मी माहेरी गेले होते, आणि पोस्टातला एक नवा माणूस सोप्यावर बसला होता. आप्पा सांगत होते, आवाज खोल गेलेला, मध्येच थांबत. मी बाबांकडे बघितलं. ते उठले नाहीत. खाली मान घालून सुपारी कातरत होते. आप्पा थांबले तेव्हा त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला आणि त्या माणसाला म्हणाले, "एकदा साठ माणसांचा जेवण ह्येणी एकट्यान वाढललां. ता सांगणा नाय तो."